घाटाखालची झाडं

अँब्रोज हॉकिन घोड्यावरून उतरला तेव्हा माझी पणजी थर्झा पास्को दारातच उभी होती. तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही, त्याच्या मागच्या वाटेकडे बघितलं. मागे कोणी नव्हतं. जावई एकटाच आला होता.

"डॉर्कस बरी आहे," तो लगाम सोडायच्या आधीच म्हणाला. "सहावा महिना लागलाय तिला, म्हणून आणली नाही."

"मी कुठं काही विचारलं?" पणजी म्हणाली. "आत ये. बूट बाहेर झाड आधी."

एकोणीस दिवसांत ती माणसाशी बोललेली पहिली वाक्यं ही. मुलगा जेबेझ आणि सून लेटी, म्हणजे माझे आजोबा-आजी, पूर्वेकडे रानात चंदनाच्या तळावर होते. यॉर्क गावाच्या पलीकडे, नदीकाठच्या त्या मातीच्या घरात ती, सहा कोंबड्या आणि भिंतीवरची एनॉक पणजोबांची कोट अडकवायची खुंटी. कोंबड्यांशी बोलायचं ती ठरवून टाळायची. एकदा सुरू झालं की बाई थांबत नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि नदीच्या वरच्या अंगाची एक विधवा तशी वेडी झालेली तिनं बघितली होती.

पलंगाखाली तीन आठवडे एक गाठोडं बांधून तयार होतं. त्यात लोकरीचा निळा झगा होता, नात टॅमीसाठी. टॅमी तीन वर्षांची. पणजीनं तिला कधी बघितलं नव्हतं, म्हणून माप अंदाजानं घेतलेलं. पोरगी गिल्डफर्डला, घाटाखाली, साठ मैलांवर. पावसाळ्यात बैलगाडीला सहा दिवस. घोड्यावर दोन, पण पणजीचा उजवा गुडघा एकदा गाडीखाली सापडला तो वाकायचा कायमचा थांबला होता. घोडा तिच्यासाठी नव्हताच. गाडीत जागा मिळाली तर जाणार, नाहीतर नाही. आणि गेल्या पाच वर्षांत गाडीत जागा नव्हती, कारण गाडीत चंदन होतं.

या वेळी मात्र जेबेझनं शब्द दिला होता. पुढच्या खेपेला नक्की, आई.

ती खेप दुपारी आली. आधी वास आला, मग चाकांची कुरकुर, मग सहा बैल. गाडी इतकी भरलेली की चंदनाचे बुंधे आणि वाकडीतिकडी मुळं बाजूंनी बाहेर आलेली. चंदन आमच्याकडे तोडत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण खरं तेल मुळातच असतं. लेटी गाडीमागून चालत येत होती. तिलाही जागा नव्हती.

पणजीनं गाडीला एक फेरी मारली, काठी टेकत. कुठं बसायचं ते तिनं शोधलं. मग आत जाऊन कांगारूचं कालवण परत चुलीवर ठेवलं.

*

"पहिल्या तारखेपासून," जेबेझ म्हणाला. त्यानं राखेत भाजलेल्या जाड भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात न घालता हातातच धरला. "पहिल्या तारखेपासून बंदरातून जाणाऱ्या चंदनावर टनामागे जकात. मुळासकट उपटायचं आम्ही. पांढरं लाकूड तासायचं आम्ही. साठ मैल ओढायचं आम्ही. आणि यांनी बंदरात खुर्ची टाकून बसायचं."

"रस्ते करायला घेतायत ना?" पणजी म्हणाली.

"म्हणतात तसं."

"मोडले कोणी रस्ते?"

जेबेझनं अँब्रोजकडे बघितलं. अँब्रोजनं ताटात बघितलं.

"चंदनाच्या गाड्यांनीच मोडले ना?" पणजी म्हणाली. "मी काय आंधळी आहे? तुझा बाप असताना या वाटेनं मी अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन गिल्डफर्डला गेलेय. एक अंडं फुटलं नव्हतं."

"बाबा असताना वर्षाला चार गाड्या जायच्या. आता दिवसाला चार जातात."

"मग करा की खर्च. फुकटात सगळं कसं मिळेल?"

"आई, तू कोणाच्या बाजूची आहेस?"

"मी रस्त्याच्या बाजूची आहे," पणजी म्हणाली.

आता ही गोष्ट आमच्या घराण्यात हसत सांगतात, पण त्या टेबलावर कोणी हसलं नाही. ती बोलली ते खरंच होतं. दुसऱ्या कोणाला रस्ता लाकडासाठी हवा असेल, तिला रस्ता म्हणजे डॉर्कस होती. नीट रस्ता झाला तर हलकी गाडी तीन दिवसांत खाली जाईल, वर येईल. पोरगी सणाला येईल. बाळंतपणाला आई जाईल. इतकं साधं होतं ते, आणि तेवढ्यासाठी तिला सरकारची जकात गोड वाटत होती.

अँब्रोजनं खिशातून घडी केलेला कागद काढला. जमीनवाल्यांचा अर्ज होता, जकात नको म्हणून. मी घोड्यावरून तीन दिवसांत कचेरीत पोचवतो, तो म्हणाला. फक्त जमीन ज्याच्या नावावर त्याचीच सही चालते. आणि पास्कोंची जमीन एनॉकच्या मागे थर्झाच्या नावावर होती.

"तुमची सही वर असली, आई, की नदीकाठचे सगळे करतील. एनॉकसाहेबांच्या नावाला अजून मान आहे."

"वाच काय लिहिलंय."

अँब्रोजनं वाचलं. मोठी मोठी वाक्यं होती. मधे एक वाक्य आलं, की सध्याचा रस्ता येथील रहिवाशांच्या गरजांना पुरेसा आहे.

"ते परत वाच."

त्यानं परत वाचलं.

"पुरेसा आहे," पणजी म्हणाली. "बरं. आणि जेबेझ, गाडीत माझी जागा कुठंय?"

जेबेझनं भाकरी खाली ठेवली. "आई, या वेळी नाही जमणार."

"बरं."

"ही शेवटची खेप आहे जकातीआधीची. अठ्ठावीसला गिल्डफर्डला पोचली तर होड्यांतून बंदरात, आणि तीसला जहाज सुटतं. तुझ्या जागेवर चार मण लाकूड बसतं. वर बसवली तर बैल घाटात टिकायचे नाहीत. पुढच्या खेपेला नेतो, देवाशपथ."

"बरं म्हटलं ना मी." तिनं त्याच्या ताटात कालवण वाढलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "गेल्या वेळी उतरलास तेव्हा झाड बाजूला ओढलंस ना?"

घाट उतरताना भरलेली गाडी बैलांच्या अंगावर जाते. म्हणून माथ्यावर एक झाड तोडायचं, फांद्यांसकट, आणि साखळीनं गाडीच्या मागे बांधायचं. झाड जमिनीत रुतत येतं, गाडी धरून ठेवतं. पायथ्याला पोचलं की सोडायचं. एनॉक पास्कोचा नियम होता की सोडलेलं झाड बैल जुंपून रस्त्याबाहेर ओढायचं, मगच चहा. त्यात अर्धा तास जातो.

"आई, तिथं रांग असते मागे. वेळ कोणाला आहे? सगळेच तसं टाकतात."

"तुझा बाप ओढायचा."

"बाबांच्या मागे जकातीची तारीख नव्हती लागलेली."

*

लेटी ताटं घेऊन बाहेर आली. माझ्या आजीनं मला सांगितलं तेव्हा ती ऐंशीची होती, आणि तरी त्या दुपारचं पाणी किती गार होतं तेही तिला आठवत होतं.

ती पाच महिने तळावर होती. तंबू, कुऱ्हाड, मुळं उपटून खड्डेच खड्डे झालेली जमीन. जेबेझ रात्री जेवताना झोपायचा. एकदा तिनं मुद्दाम मीठ न घालता जेवण केलं, तो काही बोलतो का बघायला. नाही बोलला. तेव्हा तिला सासूची आठवण झाली होती, जी मिठाबद्दल हमखास बोलली असती. सासूशी तिचं फारसं पटायचं नाही, पण ती बोलायची तरी.

अँब्रोज लाकडाच्या गाडीला टेकून उभा होता. तोंड पुसत होता, पण जेवणाचं नाही, घाम होता तो.

"काय झालं हो?" लेटीनं विचारलं.

"काही नाही."

"डॉर्कसला काही झालंय?"

"नाही." मग त्यानं इकडेतिकडे बघितलं. "आम्ही चाललोय, लेटी. सिंगापूरला. चंदनाच्या पेढीनं मला तिकडचा त्यांचा माणूस म्हणून नेमलं. दहा दिवसांपूर्वीच कळलं. याच जहाजानं, तीस तारखेला."

"परत कधी?"

त्यानं खांदे उडवले. लेटीला कळलं की परत वगैरे काही नाही.

"त्यांना सांगितलंत?"

"डॉर्कसनं त्यासाठीच पाठवलंय. अर्ज ही माझी सबब आहे. सकाळपासून सांगतोय, सांगतोय, पण त्या दारात उभ्या राहतात आणि माझ्या मागे बघतात. कसं सांगू?"

"तोंडानं," लेटी म्हणाली.

"तुम्ही सांगा ना. बायकांना जमतं."

आजी म्हणायची, त्या क्षणी मला त्या माणसाच्या तोंडावर खरकटं पाणी फेकावंसं वाटलं. पण तिनं ताटं विसळली, पुसली, आत गेली, ती टेबलावर ठेवली आणि अख्ख्या घरानं ऐकावं अशी म्हणाली, "अँब्रोज, सांगा त्यांना. नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर तुम्ही लपवत होतात हेही सांगेन."

जेबेझ बघतच राहिला. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि त्याच्या आईच्या घरात लेटी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली होती.

*

अँब्रोजनं सांगितलं. तो काही वाईट माणूस नव्हता. पोटाच्या मागे लागलेला होता, इतकंच. गिल्डफर्डच्या दुकानात त्याचं चालत नव्हतं, पेढीनं हात दिला, त्यानं धरला. सांगताना तो सिंगापूरच्या बंगल्याबद्दल बोलला, उन्हाबद्दल बोलला, तिथं नोकर स्वस्त मिळतात हेही बोलला. थर्झानं मधे अडवलं नाही, म्हणून तो बोलतच राहिला, आणि त्याला आतून कळत होतं की आता थांबायला हवं.

"तीस तारखेला," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"लाकडाच्याच जहाजानं."

"हो, आई."

"टॅमी बोलते का आता?"

"खूप बोलते. तुमच्याबद्दल विचारते. डॉर्कस सांगते ना तिला. आजी डोंगराच्या मागे राहते, असं म्हणते ती."

थर्झा उठली, काठी न घेता, भिंतीला हात लावत पलंगापर्यंत गेली. गाठोडं बाहेर ओढलं. निळा झगा काढून तिनं अँब्रोजच्या समोर धरला, दोन्ही खांद्यांना चिमटीत पकडून.

"एवढी असेल ना?"

अँब्रोजनं बघितलं. बाप असून त्याला सांगता येईना. "असेल," तो म्हणाला. "एवढीच असेल. द्या, मी नेतो."

"नको," थर्झा म्हणाली. "मी घालून बघणार आहे तिला." आणि झगा परत घडी करून ठेवला.

*

जेबेझ पास्को माझा आजोबा. त्याच्याबद्दल मी वाईट बोललेलं आजीला चालायचं नाही, तरी हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तो उठून गाडीपाशी गेला होता. त्याच्या तळहातांची साल गेली होती. त्या वर्षी त्यानं उपटलेलं, अजून विकायचं राहिलेलं सगळं त्या एका गाडीत होतं. त्यातून त्याला स्वतःची मेंढरं घ्यायची होती, आईच्या नावावरच्या जमिनीवर नव्हे, स्वतःच्या जमिनीवर. चार मण लाकूड उतरवायचं म्हणजे सहा मेंढरं उतरवायची. तो हिशेब करत होता, आणि आपण तो करतोय याची लाजही त्याला वाटत होती. त्याच्या मनात एक गोष्ट आली. तो आत आला तेव्हा ती अजून मनातच होती, आणि नको ती बाहेर पडली.

"आई, मी चार मण उतरवतो. तू चल. पण अर्जावर सही कर."

लेटीनं मान वर केली. अँब्रोजसुद्धा म्हणाला, "अरे जेबेझ."

"माझं नुकसान मी सोसतो ना? मग तिनंही माझ्यासाठी एवढं करावं. जकात लागली तर पुढच्या वर्षी मी काय उपटू?"

थर्झा त्याच्याकडे बघत होती. रागानं नाही. लहानपणी तो ताप आला की जसा दिसायचा तसा दिसतो का, हे बघत असावी.

"म्हणजे सही केली नाही तर जागा नाही," ती म्हणाली.

नाही असं त्याला म्हणता आलं असतं. आजोबा मरायच्या आदल्या वर्षी मला म्हणाला, तेवढा एक शब्द होता बघ, आणि मी शेतातल्या खांबासारखा उभा राहिलो.

"आण कागद," थर्झा म्हणाली.

"सासूबाई, नका करू," लेटी म्हणाली. "रस्ता तुम्हालाच हवा होता. मलाही हवाय."

"मला डॉर्कससाठी हवा होता, बाळा. डॉर्कस चालली." ती खुर्चीत बसली, वाकत नसलेला पाय समोर सरळ काढून. "तुझी शाई वाळलेली तर नाही ना, अँब्रोज? मला दोनदा लिहायला लावू नकोस."

तिला फक्त स्वतःचं नाव लिहिता यायचं. तिनं ते सावकाश लिहिलं, यादीत सगळ्यात वर, पुरेसा आहे या वाक्याच्या बरोबर खाली. अँब्रोजनं कागदावर फुंकर मारली, घडी केली आणि तासाभरात घोडा काढून निघूनही गेला.

*

सोमवारी पहाटे गाडी निघाली. चार मण चंदन अंगणात उतरवलेलं होतं आणि त्या जागेत गोणपाट घालून थर्झा बसली होती. घर आणि कोंबड्या बघायला कोणीतरी हवं, म्हणून लेटी मागे राहिली.

"कोंबड्यांशी बोलू नकोस," थर्झा गाडीतून म्हणाली.

"मग कोणाशी बोलू?"

थर्झानं थोडा विचार केला. "बरं, बोल," ती म्हणाली. "पण उत्तर येतंय असं वाटलं की थांब."

पाच दिवस ती त्या लाकडांवर बसून होती. चिनी देवळांत जाळायला जाणारं ते लाकूड. तिच्या कपड्यांना, केसांना, भाकरीला त्याचाच वास. रस्ता म्हणजे चिखलाचे दोन खड्डे, आणि गाडी गेली की ते आणखी खोल. जेबेझ बैलांच्या बाजूनं चालायचा. दिवसातून दोनदा विचारायचा, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी आहे." अर्जाचं दोघंही बोलली नाहीत. ती मनात टॅमीशी बोलत होती, आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं, कारण लहान पोराशी कसं बोलतात ते ती विसरली होती आणि त्याची तिला काळजी लागली होती.

सत्तावीसला दुपारी ती घाटमाथ्यावर पोचली. पुढे बावीस गाड्या उभ्या होत्या, सगळ्या चंदनाच्या. पहिल्या तारखेच्या आधी उतरायचं म्हणून आलेल्या. आणि एकही हलत नव्हती.

जेबेझ खाली चालत गेला. तासाभरानं परत आला तेव्हा त्याचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता.

"काय झालंय?"

"झाडं," तो म्हणाला. "पायथ्याला झाडांचा ढीग झालाय. गेल्या महिनाभरात जो उतरला त्यानं आपलं झाड तिथंच सोडलं. परवाच्या पावसात दरड आली ती त्यांच्यावर अडकली. घराएवढा ढीग आहे, आणि त्याच्या पलीकडे जायला वाट नाही."

"किती वेळ लागेल?"

"कुऱ्हाडी चालवतायत सगळे. दोन दिवस."

थर्झानं बोटांवर दिवस मोजले.

"सगळ्यात खाली कोणाचं आहे?" तिनं विचारलं.

"सगळ्यांचीच आहेत, आई."

"सगळ्यात खाली आडवं पडलेलं. ज्याच्यावर बाकीची अडकली. ते कोणाचं?"

त्यानं बघितलं होतं. तांबड्या गोंदाचं जाड झाड, आणि बुंध्यावर त्याच्या साखळीची खाच. अर्धा तास वाचवला होता त्यानं. त्यानं कुऱ्हाड उचलली आणि परत खाली गेला. अंधार पडेपर्यंत त्याच्या घावांचा आवाज वर येत होता, आणि दुसऱ्या दिवशीही, दिवसभर.

अठ्ठावीसला दुपारी इथल्या मूळ लोकांपैकी एक नूंगार कुटुंब गाड्यांच्या शेजारून खाली गेलं. आमची ही वाट मुळात त्यांच्याच पायांची. आम्ही ती गाड्यांपुरती रुंद केली आणि बिघडवून ठेवली. त्यांतली एक म्हातारी थर्झाला ओळखायची, हिवाळ्यात पीठ न्यायला यायची. ती गाडीपाशी थांबली, बावीस गाड्यांकडे बघितलं, थर्झाच्या पायाकडे बघितलं, आपल्या माणसांना काहीतरी म्हणाली आणि ती सगळी हसली. मग म्हातारीनं हात पुढे केला, ये म्हणून. थर्झानं गुडघ्यावर थाप मारून दाखवली. म्हातारीनं मान हलवली आणि ती माणसं झाडीतून बाजूला होऊन, ढिगाला वळसा घालून, पायथ्याला उतरली. थर्झानं त्यांना दिसेनाशी होईपर्यंत बघितलं.

एकोणतीसच्या सकाळी जेबेझ वर आला. हात फडक्यांत गुंडाळलेले. अजून अर्धा ढीग बाकी होता.

"चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"खाली. मी नेतो तुला."

"आणि गाडी?"

"राहू दे गाडी."

"इथं बेवारशी? एक काडी राहणार नाही."

"राहू दे म्हटलं ना, आई." तो पाठमोरा खाली बसला. "धर गळ्याला."

वाकत नसलेला पाय पुढे काठीसारखा काढलेला, गाठोडं दोघांच्या मधे, असा तो आईला पाठीवर घेऊन घाट उतरला. ढिगावरून जाताना त्याला दोन्ही हात टेकावे लागले. त्याच्या स्वतःच्या झाडावर त्याचा पाय घसरला आणि दोघंही पडता पडता वाचली. "सावकाश," ती म्हणाली. पुढचे सात मैल तो थांबत, बसत, परत उचलत चालला. ती त्याच्या मानेमागे बघत होती. तिथं केस पांढरे व्हायला लागले होते, आणि हे तिला माहीतच नव्हतं.

*

गिल्डफर्डचं घर संध्याकाळी उघडंच होतं. आत काही नव्हतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, काल दिवसभर डॉर्कस घाटाकडे तोंड करून उंबऱ्यात बसली होती. आज सकाळच्या होडीत शेवटची जागा होती, बाकी सगळ्या होड्यांत लाकूड. नवरा ऐकेना, तेव्हा गेली. जहाज उद्या पहाटेच्या भरतीला सुटणार.

जेबेझ धावत धक्क्यावर गेला आणि परत आला. होडी नव्हती.

"कागद ठेवलाय तिनं," शेजारीण म्हणाली आणि चुलीवरच्या फळीकडे बोट दाखवलं.

अक्षर अँब्रोजचं होतं. जेबेझनं वाचलं. आई, फार वाट बघितली. पत्र घालत जाऊ. दाराच्या चौकटीवर टॅमीची खूण केली आहे, तिनं हट्टानं करायला लावली, आजीला मी केवढी ते कळू दे म्हणाली. खाली आणखी एक ओळ होती. जेबेझ थांबला.

"वाच की."

"अर्ज वेळेत कचेरीत पोचवला. तुमचं नाव सगळ्यात वर आहे."

थर्झानं मान हलवली. ती चौकटीपाशी गेली. लाकडात सुरीनं पाडलेली आडवी खाच होती, ताजी, पांढरी. तिनं गाठोडं सोडलं, झगा काढला, त्याचा गळा खाचेच्या खाली, पोरीची मान असेल तिथं धरला आणि बाकीचा खाली सोडला.

झगा चार बोटं आखूड होता.

ती तशीच उभी राहिली, झगा चौकटीला धरून. जेबेझ भिंतीला टेकून बसला होता आणि रडत होता, हात फडक्यांत असल्यामुळे त्याला डोळे पुसता येत नव्हते. शेजारीण निघून गेली.

बऱ्याच वेळानं थर्झानं झग्याची घडी घातली.

"ऊठ," ती म्हणाली. "सकाळी निघायचंय. आधी तुझं ते झाड बाजूला ओढ, मग वर जायचं."

"घाई कसली आता, आई?"

"साठ मैल आहेत," ती म्हणाली. "आणि तिकडं लेटी एकटी आहे."